'मेइता': एका लाटव्हियन नात्याच्या शब्दाविषयी

नात्यांचे शब्द हे कोणत्याही भाषेतील सर्वांत चिवट शब्द असतात, असे तौलनिक भाषाविज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. पुराव्यादाखल एक तक्ता दिलेला असतो. पदव्युत्तर वर्गांना ऐतिहासिक भाषाविज्ञान शिकवताना गेली अनेक वर्षे मीही तो फळ्यावर लिहीत आले आहे. संस्कृत 'दुहितृ', ग्रीक 'थुगातेर', गॉथिक 'दाउख्तर', लिथुआनियन 'दुक्ते', प्राचीन प्रशियन 'दुक्ती'. ह्या ओळीत एक जागा मात्र नेहमी मोकळी राहते. ती लाटव्हियनची. लिथुआनियनची ही सख्खी बहीण, बाल्टिक शाखेतील आज जिवंत असलेल्या दोन भाषांपैकी एक. पण तिच्यात मुलीसाठी 'दुक्ते'च्या कुळातला शब्द नाही. तिथे आहे 'मेइता'. आणि हा शब्द वारशाने आलेला नाही. मध्ययुगीन निम्न जर्मन भाषेतील 'मेइत' ह्या शब्दापासून तो आला आहे. आधुनिक जर्मनमधील 'माग्द' (मोलकरीण) व 'मेडशेन' (मुलगी) आणि इंग्रजीतील 'मेड' हे त्याचे सगोत्र. मुळात अर्थ अविवाहित तरुणी. पुढे घरकामाला ठेवलेली मुलगी.

पोटच्या मुलीला जिथे हाक मारायची तिथे धन्याच्या भाषेतला शब्द कसा येऊन बसला, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे आहे. लाटव्हियन ही काही माझ्या अभ्यासाची भाषा नव्हे. व्याकरणे, कोश आणि भाषांतरे ह्यांच्या आधारानेच मी तिच्याजवळ जाऊ शकते. तरीही ह्या एका शब्दाने मला माझ्या स्वतःच्या भाषेकडे व काही अंशी माझ्या घराकडे वेगळ्या रीतीने पाहायला लावले. म्हणून हे टिपण.

प्रथम इतिहास थोडक्यात. बिशप आल्बर्ट ह्याने १२०१ साली रीगा शहर वसवले आणि त्यानंतरच्या शतकात आजच्या लाटव्हियाचा प्रदेश जर्मन धर्मयोद्ध्यांच्या व व्यापाऱ्यांच्या सत्तेखाली गेला. राज्ये पुढे बदलली. पोलिश आले, स्वीडिश आले, रशियन आले; पण जमिनीचे मालक आणि चर्चमधील पाद्री दीर्घकाळ जर्मनभाषकच राहिले. भूदासप्रथा कुर्लंडमध्ये १८१७ साली, लिव्हलंडमध्ये १८१९ साली आणि लाटगालेत तर थेट १८६१ साली संपली. हान्झा व्यापारसंघाच्या वर्चस्वकाळात निम्न जर्मन ही ह्या किनाऱ्यावरची प्रतिष्ठेची भाषा होती. तिच्यातून शेकडो शब्द लाटव्हियनमध्ये उतरले. धुराड्याचा शब्द उतरला, तासाचा उतरला, धंद्याचा उतरला. हे समजण्यासारखे आहे. नवी वस्तू नवे नाव घेऊन येते. पण मुलगी ही काही जर्मनांनी आणलेली वस्तू नव्हती.

ह्या कथेला एक उपकथानक आहे, आणि ते मुख्य कथेइतकेच विलक्षण आहे. फिनिशमध्ये मुलीला 'त्युतॅर' म्हणतात, एस्टोनियनमध्ये 'त्युतर'. ह्या भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या नव्हेत. जर्मन लोक ह्या किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधी शेजारच्या बाल्टिक लोकांकडून त्यांनी हा शब्द घेतला. म्हणजे बाल्टिकांनी दिलेला शब्द शेजाऱ्यांनी जपला आणि देणाऱ्यांच्या एका वंशजाने तो हरवला. बहिणीच्या शब्दाचेही असेच झाले. फिनिशमधला 'सिसर' हा बाल्टिककडून आलेला शब्द लिथुआनियन 'सेसुओ'शी जुळतो. लाटव्हियनमध्ये बहिणीला आता 'मासा' म्हणतात. 'शब्द कोणाचा' ह्या प्रश्नाला व्युत्पत्ती सरळ उत्तर देत नाही, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

'दुहितृ'ची व्युत्पत्ती हा आपल्याकडील जुना विषय. निरुक्ताच्या तिसऱ्या अध्यायात यास्कांनी ह्या शब्दाचे तीन पर्याय दिले आहेत: जिचे हित साधणे कठीण ती, जी दूर असण्यातच हित आहे ती, अथवा 'दुह्' म्हणजे दूध काढणे ह्या धातूवरून साधलेली ती. हे निर्वचन ज्या चर्चेच्या ओघात येते ती चर्चा मुलीला वारसाहक्क आहे की नाही ह्याविषयीची आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शब्दाचे मूळ शोधणे आणि मालमत्तेचा निवाडा करणे ही कामे तिथे हातात हात घालून चालतात. पुढे १८५६ साली मॅक्स म्यूलर ह्यांनी तिसरा पर्याय उचलला आणि आर्यांच्या आदिम कुटुंबात गाईंचे दूध काढणारी ती कन्या असे एक रम्य गोपचित्र उभे केले. एकोणिसाव्या शतकातील युरोपला ते फार आवडले. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती स्वीकारत नाहीत. पण यास्क काय आणि म्यूलर काय, दोघांच्याही निर्वचनांत एक साम्य उरते. मुलगी म्हणजे काय हे आधी ठरलेले असते आणि मग शब्दाच्या मुळात ते सापडते.

लाटव्हियनने ह्या गोपचित्राची नकळत थट्टाच केली आहे. तिथे मुलाचा जुना शब्दही हरवला. लिथुआनियनमध्ये 'सूनुस' आहे, आपला 'सूनु' आहे. लाटव्हियनमध्ये मात्र 'देल्स'. हा शब्द दूध पिणे ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. लॅटिन 'फीलिउस' त्याच धातूचा, आणि आपले 'धेनू' व 'धात्री' हेही त्याच धातूचे. म्हणजे लाटव्हियन घरात दुधाशी शब्दाने बांधला गेला तो मुलगा, आणि तोही दूध काढणारा म्हणून नव्हे, पिणारा म्हणून. मुलाचे नवे नाव घरातल्या मूळ धातूपासून घडले. मुलीचे नवे नाव वाड्यावरून आले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

इथे मराठीकडे वळले पाहिजे, कारण हा तक्ता पूर्ण भरत गेले तेव्हा जे दिसले ते अनपेक्षित होते. प्रमाण मराठीतही 'दुहितृ'चा वंशज रोजच्या वापरात नाही. आपण 'मुलगी' म्हणतो, 'लेक' म्हणतो. 'स्वसृ' गेला, त्याच्या जागी 'भगिनी'पासून आलेला 'बहीण' आहे. जुना शब्द फक्त 'मातृष्वसृ'पासून आलेल्या 'मावशी'च्या पोटात दडून राहिला आहे. 'पितृ'च्या जागी 'बाप' आला. 'पुत्र'पासूनचा 'पूत' म्हणी-वाक्प्रचारांपुरता उरला. मात्र 'माय' टिकली, 'भाऊ' टिकला. लाटव्हियनमध्येही बापाचा, मुलाचा, मुलीचा, बहिणीचा असे जुने शब्द गेले. आईचा 'माते' आणि भावाचा 'ब्रालिस' राहिले. त्याहून नवल सासरच्या शब्दांचे. संस्कृत 'देवर'चा आपला 'दीर' आणि 'यातृ'ची आपली 'जाऊ'. लाटव्हियनमध्ये नवऱ्याच्या भावाला जुना शब्द 'दिएवेरिस', आणि त्याच्या बायकोला 'इएताल्या'. दोन्ही आपल्या दीर-जावांचे सगोत्र. आज ते तिथे जुनाट झाले आहेत, पण लोकगीतांत आणि कोशांत ते आहेत. एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन भाषांनी जवळजवळ सारखेच शब्द ठेवावेत आणि सारखेच टाकावेत, हा योगायोगच म्हटला पाहिजे. तरीही ह्या योगायोगामागे काही तर्क असू शकतो.

माझ्या मते तो तर्क असा आहे. नात्याच्या अभ्यासात निर्देशाचे शब्द आणि संबोधनाचे शब्द असा भेद करतात. 'जाऊ' हा निव्वळ निर्देशाचा शब्द आहे. नाते सांगण्यापलीकडे त्याला दुसरे काम नाही. जावेला कोणी 'अगं जावे' अशी हाक मारत नाही. अशा शब्दाशी स्पर्धा करायला दुसरा शब्द येत नाही. उलट मुलीचे आणि मुलाचे शब्द सतत हाकेच्या, लाडाच्या, वयाच्या शब्दांशी घासत असतात. घरात मुलीला तिच्या नात्याने फारसे कोणी बोलावत नाही. तिला पोर म्हणतात, बाय म्हणतात, चिमणी म्हणतात. वयाचा शब्द हळूहळू नात्याच्या जागेवर सरकतो. आपला 'मुलगी' हा शब्द आजही ही दोन्ही कामे करतो. फ्रेंच 'फीय'ही करतो. 'मेइता' ह्याच वाटेने गेला असावा, कारण ही वाट अनेक भाषांची आहे: तरुणी, मग आमच्या घरातली तरुणी, मग आमची मुलगी.

ह्याला माझ्याजवळ एक घरगुती पुरावा आहे. माझी आई गोव्यातील पेडण्याची. कोकणीत 'दुहितृ'चा वंशज अजून धडधाकट आहे: 'धूव'. माझे शिक्षण घाटावर झाले, घरातील बोलणे वडिलांच्या मराठीत चाले. आई मला हाक मारी ती 'बाय' अशी. पण सुट्टीत आजोळी गेल्यावर कोणी ओळख विचारली की ती म्हणे, ही माझी धूव. तो शब्द मला उद्देशून कधीच नव्हता, तो माझ्याविषयी होता. त्यामुळेच की काय, मीही तो माझ्या मुलीला दिला नाही. हाक मारता-मारता मुले भाषा शिकतात आणि ज्या शब्दाने हाक मारता येत नाही तो पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता कमी. आई २०११ साली गेली. आमच्या घरापुरता हा शब्द तिच्याबरोबर संपला. तीन-साडेतीन हजार वर्षे तोंडोतोंडी आलेल्या एका शब्दाची एक शाखा माझ्याजवळ येऊन थांबली, ह्याचे मला वाईट वाटते. त्याला भाषाशास्त्रात स्थान नाही हे मी जाणते. पण शब्दलोप नावाची जी प्रक्रिया आम्ही पाठ्यपुस्तकात शिकवतो ती प्रत्यक्षात अशाच, कोणी काही न ठरवता, घरोघरी घडत असते. लाटव्हियन 'दुक्ते' अशीच गेली असणार. कोणत्याही जर्मन सरदाराने ती बंद करण्याचा हुकूम काढला नव्हता.

तरीही सत्तेचा प्रश्न इथे संपत नाही. हाकेचा शब्द नात्याच्या जागी येतो हे खरे. पण हाकेला जर्मन शब्द का सुचला? ज्या समाजात प्रतिष्ठेचे घर म्हणजे जर्मन जमीनदाराचा वाडा, तिथे तरुण मुलीला वाड्यावर ज्या शब्दाने बोलावले जाई तोच शब्द झोपडीत लाडाचा झाला असेल, तर ते अधीन समाजाच्या मनोव्यापाराशी सुसंगतच आहे. लाटव्हियनमध्ये भूदासप्रथेला 'द्झिम्तबूशना' म्हणतात. त्याच्या पूर्वार्धात जन्मणे हा अर्थ आहे. त्याच धातूपासून कुळाचा आणि जन्मभूमीचा शब्दही होतो. म्हणजे ज्याला कूळ आहे तो त्या कुळामुळेच बांधला गेला आहे, असे ती भाषा सांगते. आणि स्वातंत्र्य? स्वतंत्र ह्या अर्थाचा 'ब्रीव्स' हा शब्दही निम्न जर्मनमधूनच आलेला. रीगामध्ये १९३५ साली उभारलेल्या स्वातंत्र्यस्मारकावर जो शब्द कोरलेला आहे, आणि १९८७ च्या जून महिन्यात सोव्हिएत सत्तेला न जुमानता ज्याच्या पायथ्याशी लोकांनी फुले वाहिली, त्या शब्दाचे मूळ त्यांच्या पूर्वीच्या धन्यांच्या भाषेत आहे. म्हणून ते स्वातंत्र्य उसने ठरते काय? असे कोणीही म्हणणार नाही. मग मुलगीही उसनी ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाटव्हियन राष्ट्रीय जागृतीच्या काळात युरिस अलुनान्स, अतिस क्रोनवाल्ड्स इत्यादींनी आपली भाषा आधुनिक व्यवहाराला समर्थ करण्यासाठी कितीतरी नवे शब्द घडवले. आपल्याकडील भाषाशुद्धीच्या चळवळीशी ह्या खटाटोपाचे साम्य उघड आहे. कुटुंब ह्या अर्थाचा आजचा लाटव्हियन शब्द 'ग्यिमेने' त्याच शतकात लिथुआनियनमधून घेतला गेला. त्यापूर्वीच्या 'सइमे' ह्या शब्दात गडीमाणसांसह सगळे खटले येई. शेजारच्या बहीणभाषेकडून कुटुंबाचा शब्द आणणाऱ्यांना तिच्याकडूनच मुलीचा शब्द आणणे अशक्य नव्हते. पण 'मेइता' जागेवरून हलली नाही. शब्दाच्या मुळापेक्षा त्याची वस्ती बलवत्तर ठरली. आपल्याकडील देशीवादाच्या चर्चेत देशी आणि परके ही विशेषणे पुष्कळदा शब्दांच्या जन्मदाखल्यावरून लावली जातात. अक्का, अण्णा, अप्पा हे कन्नडकडून आलेले शब्द मराठी घरातून काढून टाका म्हटले तर काय उरेल, ह्याचा विचार त्या चर्चेत व्हावा असे मला वाटते.

सोस्यूरच्या नावाने जी शिकवण आपल्याकडे रूढ झाली ती इथे अर्धीच उपयोगी पडते. शब्दाचे मूल्य त्याच्या इतिहासात नसून त्याच वेळच्या इतर शब्दांशी असलेल्या भेदात असते, हे खरे. आजच्या लाटव्हियनमध्ये 'मेइता' म्हणजे मुख्यतः स्वतःची मुलगी, आणि कोणतीही मुलगी म्हणजे 'मेइतेने'. ह्या भेदाने 'मेइता'चा अर्थ ठरतो, मध्ययुगीन मोलकरणीने नव्हे. पण 'दुहिता'मधला 'इ' आणि ग्रीक 'थुगातेर'मधला 'आ' ह्यांसारख्या विसंगतींमागे एक लुप्त ध्वनी असला पाहिजे असे १८७९ च्या ग्रंथात तर्काने दाखवणारा तरुणही सोस्यूरच होता. जे नाहीसे झाले त्याचा माग उरलेल्या व्यवस्थेत शोधता येतो, ही त्याची पहिली शिकवण आम्ही साहित्याचे अभ्यासक विसरतो. 'मेइता'मधली मोलकरीण आज अर्थाने उरलेली नाही. पण 'ईएलासमेइता', म्हणजे रस्त्यावरची मुलगी, हा जोडशब्द वेश्येसाठी वापरला जातो तेव्हा दुसऱ्याच्या हुकमतीखालील स्त्री ही त्या शब्दाची जुनी सावली हलताना दिसते. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, पण ती अर्थाच्या शक्यतांची नोंद असते.

ह्या साऱ्याचा कस लागतो तो 'दैना' नावाच्या लाटव्हियन लोकगीतांत. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५–१९२३) ह्यांनी १८९४ ते १९१५ ह्या काळात सहा खंडांत दोन लाखांहून अधिक दैना प्रसिद्ध केल्या. त्या ज्या कपाटात त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून लावल्या होत्या त्या कपाटाला २००१ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात स्थान मिळाले. बहुतेक दैना चार ओळींच्या, आणि त्यांतील फार मोठा भाग बायकांचा. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ज्या लाखभर ओव्या जमवल्या त्यांची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. दोन्हीकडे लेकीचे सासरी जाणे हा अखंड विषय. दैनांमध्ये सोयरीक होऊ पाहणाऱ्या परक्या कुळाला 'तउतास' म्हणतात आणि तिथल्या मुलीला 'तउतु मेइता'. हाच 'तउता' शब्द आज राष्ट्र ह्या अर्थाने वापरतात. परक्यांचा शब्द आपल्या सर्वांचा झाला, जशी परक्यांची मुलगी घरची होते.

आणि ह्याच दैनांमध्ये, त्यांच्या सर्वांत प्राचीन थरात, 'सउलेस मेइता' आहे: सूर्याची मुलगी. तिला मागणी घालायला 'दिएव देली', देवाचे मुलगे, घोड्यांवरून येतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्ताची सूर्या आणि तिचे अश्विन ज्यांना आठवतात त्यांना ही जोडी लगेच ओळखू येईल. विल्हेल्म मानहार्ट ह्यांनी १८७५ मध्येच ह्या लाटव्हियन सूर्यपुराकथांचा अभ्यास केला होता. ऋग्वेदात तिला सूर्याची दुहिता म्हटले आहे. इंडो-युरोपीय काव्यपरंपरेतील एक अतिशय जुनी शब्दजोडी इथे हजारो वर्षे टिकून आहे. आणि तिच्यातला दुसरा शब्द मात्र वाड्यावरच्या जर्मनांचा आहे. परंपरेने आपला जुना शब्द सोडला आणि शब्दजोडी राखली. गाणाऱ्या बाईला ह्यात काही विसंगत वाटले नाही. तिच्या दृष्टीने सूर्याच्या घरीही मुलगीच होती, आणि मुलीला मुलगीच म्हणायचे.

हे शब्द मराठीत आणताना भाषांतरकारापुढे खरा पेच उभा राहतो. 'सूर्यदुहिता' म्हटले तर वेदांशी असलेले नाते उजळते, पण गीत जात्यावरून उठून यज्ञमंडपात जाते. 'सूर्यकन्या' म्हटले तर ते दिनदर्शिकेवरच्या चित्रासारखे होते. शिवाय लाटव्हियन सूर्य स्त्रीलिंगी आहे. ती आई आहे. विद्यार्थ्यांबरोबर काही दैनांचे इंग्रजीवरून मराठी करण्याचा प्रयत्न आम्ही केला तेव्हा पुष्कळ वादानंतर मी 'सूर्यमाउलीची लेक' हा पर्याय सुचवला. 'लेक' ह्या शब्दाच्या मागे 'दुहितृ'चा वंश नाही, म्हणूनच तो इथे योग्य वाटतो. 'मेइता'लाही तो नाही. दोन्ही शब्द वारशाने नव्हे तर वापराने मुलीचे झाले आहेत, आणि दोन्ही भाषांतील बायकांनी आपले सर्वांत जुने दुःख त्यांच्यातच गायिले आहे. एका विद्यार्थिनीने ह्यावर 'धूव' का नको असे विचारले. कोकणीत करणार असाल तर अवश्य तोच घ्या, असे मी तिला सांगितले. तिने ते काम हाती घेतले आहे.